दहशतवाद आणि दहशतवादविरोधाचा विद्यापीठात अभ्यास : खान्देशातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून या विषयाची चौकशी करणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात कमांडो, एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा) नाहीतर एखादी वेबसिरीज असते. वर्गात प्रत्यक्षात जे चालतं त्यात कायद्याची कलमं, एक्सेलच्या ओळी आणि न्यायालयाची निकालपत्रं असतात. ते चालणार असेल तर पुढे वाचा.

या अभ्यासक्रमात शिकवतात तरी काय? बॉम्ब निकामी करणं वगैरे?

नाही. ते पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकाचं काम आणि त्याचं प्रशिक्षण खात्यातल्या माणसांनाच मिळतं. स्फोटानंतरच्या अवशेषांचं रासायनिक पृथक्करण न्यायवैद्यक शास्त्रात येतं. त्यासाठी विज्ञान शाखा आणि प्रयोगशाळा लागते.

विद्यापीठात ज्याला दहशतवादाचा अभ्यास म्हणतात तो मुळात समाजशास्त्रांचा विषय आहे. माणसं अशा संघटनांत का जातात, संघटना का फुटतात किंवा संपतात, सरकारं काय उपाय करतात आणि त्यातल्या कशाचा उपयोग होतो, हे प्रश्न. त्यांची उत्तरं शोधायला इतिहास, मानसशास्त्र, कायदा आणि संख्याशास्त्र अशी चार हत्यारं वापरतात. पहिल्या दोघांवर विद्यार्थी खूश असतात, तिसऱ्याला कंटाळतात आणि चौथ्यापासून पळतात. नोकरी मात्र तिसऱ्या-चौथ्यावर मिळते.

याला 'शास्त्र' म्हणण्याइतकं पक्कं काही आहे का?

भौतिकशास्त्राइतकं नाही. पण नुसती मतंही नाहीत. डेव्हिड रापोपोर्ट यांची चार लाटांची मांडणी (१८८०च्या दशकापासून अराजकवादी, १९२०च्या दशकापासून वसाहतविरोधी, १९६०च्या दशकापासून नवडावी आणि १९७९ पासून धार्मिक) पहिल्याच सत्रात येते. मार्था क्रेनशॉ यांनी १९८१ मध्ये कारणांची विभागणी केली : काही कारणं पार्श्वभूमी तयार करतात, काही ठिणगी टाकतात. फताली मोगद्दम यांचा २००५ चा 'जिना' माणूस पायरीपायरीने हिंसेकडे कसा जातो ते मांडतो. क्लार्क मॅकॉली आणि सोफिया मोस्कालेन्को यांनी पुढे मताचा पिरॅमिड आणि कृतीचा पिरॅमिड वेगळे केले, कारण टोकाचं मत असलेली बहुसंख्य माणसं कधीच हिंसा करत नाहीत आणि हिंसेत सापडलेल्या काहींचं मत फारसं टोकाचं नसतं.

परीक्षेत जिन्याची आकृती काढून अर्धे गुण मिळतात, म्हणून मुलं तीच पाठ करतात. तिची मर्यादा लिहिणारा विद्यार्थी विरळा. वरच्या पायरीवर पोचलेल्यांचाच अभ्यास करून जिना बांधला, तर खालच्या पायरीवरून परत फिरलेले हजारो लोक हिशेबातच येत नाहीत. या क्षेत्रातल्या निम्म्या चुका याच जातीच्या आहेत.

व्याख्येवरच एवढे तास का घालवतात?

कारण व्याख्या बदलली की आकडे, गुन्हा आणि शिक्षा तिन्ही बदलतात. अॅलेक्स श्मिड यांनी १९८४ मध्ये १०९ व्याख्या गोळा करून त्यांतले २२ घटक मोजले. त्यानंतरही एकमत झालं नाही. संयुक्त राष्ट्रांत भारताने १९९६ मध्ये मांडलेला दहशतवादविरोधी सर्वंकष कराराचा मसुदा याच मुद्द्यावर अडून आहे.

दोन घटना घ्या, दोन्ही धुळे जिल्ह्यातल्या. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. लोक दहशतीत होते, मेलेले निरपराध होते, तरी अभ्यासात याला दहशतवाद म्हणत नाहीत : राजकीय हेतू नाही, आणि मारल्या गेलेल्यांच्या पलीकडच्या कुणाला संदेश द्यायचा इरादा नाही. १४ एप्रिल १९४४ ला चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. इथे राजकीय हेतू आहे, संदेशही आहे, पण लक्ष्य परक्या सरकारचा पैसा होता. सामान्य माणसाला भयभीत करणं हा मार्ग नव्हता. इंग्रज सरकारच्या कागदावर हा दरोडा, आपल्या पाठ्यपुस्तकात स्वातंत्र्यलढा. श्मिड यांचे घटक एका कागदावर लिहा, दोन्ही घटनांपुढे हो-नाही करा, आणि जिथे अडखळाल तिथे कारण लिहा. व्याख्येच्या प्रश्नाची तयारी एवढीच, आणि ती दहा व्याख्या पाठ करण्यापेक्षा बरी.

भारतीय कायद्यात सध्या दोन ठिकाणी व्याख्या आहे : यूएपीए अर्थात बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम १९६७ चं कलम १५, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ११३. गुन्हा दोहोंपैकी कुठे नोंदवायचा हे पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी ठरवतो. तोंडी परीक्षेत हे हटकून विचारतात.

खान्देशात राहूनच हे शिकता येईल का?

पाया इथे घालता येतो, कळस नाही. तिन्ही जिल्हे ज्याच्या कक्षेत येतात ते कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० चं. 'दहशतवाद' असं नाव असलेली पदवी शोधत बसू नका. राज्यशास्त्र, मानसशास्त्र, विधी, संख्याशास्त्र किंवा संगणक यांपैकी एक विषय धरून तीन-चार वर्षं नीट काढा. कॉलेजात संरक्षणशास्त्र हा विषय असेल तर जरूर घ्या, पण त्यात लष्करी इतिहास आणि युद्धशास्त्र जास्त असतं. दहशतवाद एखाद्या घटकापुरताच येतो.

आमचं मत विचाराल तर राज्यशास्त्र मुख्य आणि संख्याशास्त्र किंवा मानसशास्त्र दुय्यम ही जोडी सर्वांत उपयोगी. अडचण वेळापत्रकाची. कला शाखेचे तास सकाळी आणि संख्याशास्त्र विज्ञान शाखेकडे दुपारी असेल, तर जोडी कागदावरच राहते. मग 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून संख्याशास्त्राचा कोर्स करा. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक असे घेता येतात. मात्र कॉलेजची लेखी मान्यता सत्राच्या सुरुवातीला घ्यायची. कोर्स पुरा करून प्रमाणपत्र घेऊन आलात आणि कॉलेजने तो विषय मान्यच केला नव्हता, तर श्रेयांक खात्यावर चढत नाहीत. दरवर्षी कुणाचं ना कुणाचं हे होतंच.

मग पुढे कुठे जायचं?

पुण्याला सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग जुना आणि भरवशाचा. गुन्हेगारी आणि न्याय या अंगाने जायचं असेल तर मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था. तिथला अभ्यासक्रम समाजकार्याचा आहे हे ध्यानात ठेवून अर्ज करा. छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि मुंबई इथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. दक्षिणेत मद्रास विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्र आणि संरक्षण अभ्यास हे दोन्ही विभाग आहेत.

आपल्याला सोयीचं गुजरात. राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ गांधीनगर जिल्ह्यात दहेगाम तालुक्यात लवाडला आहे. २००९ मध्ये राज्य विद्यापीठ म्हणून सुरू झालेलं हे विद्यापीठ २०२० च्या केंद्रीय कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था झालं. राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठही गांधीनगरलाच, त्याचाही कायदा २०२० चाच. भुसावळ, जळगाव, नंदुरबारहून नवजीवन एक्स्प्रेस थेट अहमदाबादला जाते. धुळेकरांना नंदुरबारला नाहीतर सुरतेला एसटीने जाऊन गाडी पकडलेली बरी.

विभाग निवडताना माहितीपुस्तिकेचं मुखपृष्ठ पाहू नका, अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडा. महाराष्ट्रात दोन वर्षांच्या एमएला ८८ श्रेयांक असतात आणि चार श्रेयांकांचा लेखी पेपर म्हणजे ६० तास. त्यात संशोधनपद्धतीला किती, प्रबंधाला किती, माहितीच्या विश्लेषणाला काही आहे का, ते मोजा. पद्धतीचा एकच पेपर आणि बाकी सगळे 'भारताची सुरक्षा आव्हाने' छापाचे असतील तर तो विभाग स्पर्धा परीक्षेसाठी ठीक, संशोधनासाठी लंगडा. वाचनयादीही बघा. २०२१ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने अभियांत्रिकीच्या दुहेरी पदवीवाल्यांसाठी दहशतवादविरोधाचा ऐच्छिक पेपर मंजूर केला, तेव्हा धार्मिक दहशतवाद म्हणून त्यात एकाच धर्माचा उल्लेख असल्यावरून वाद झाला. पंजाब, श्रीलंका, ईशान्य भारत, नक्षलवाद, आयर्लंड, उजव्या टोकाच्या संघटना हे सगळं यादीत असेल तर तुलना शिकाल. एकाच प्रकारचं असेल तर पूर्वग्रह शिकाल.

परदेशात जावं का?

पैशाची सोय असेल तर जरूर. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातलं दहशतवाद व राजकीय हिंसा अभ्यास केंद्र १९९४ पासून आहे. नेदरलँड्सच्या लायडन विद्यापीठाचा द हेगचा विभाग, अमेरिकेत मेरिलँड विद्यापीठ आणि जॉर्जटाऊन ही बाकीची मोठी नावं. ब्रिटनमधली पदव्युत्तर पदवी एका वर्षाची असते, १८० श्रेयांकांची, आणि त्यांतले साधारण ६० प्रबंधाचे.

शिष्यवृत्तीसाठी राज्य समाजकल्याण विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, आदिवासी विकास विभागाची योजना (नंदुरबारच्या मुलामुलींनी ही आधी पाहावी) आणि ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग. चेव्हनिंगला दोन वर्षांच्या कामाचा, म्हणजे २,८०० तासांचा अनुभव लागतो. पदवी झाल्या झाल्या अर्ज केला की तो यामुळेच बाद होतो. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमध्ये एक खोच आहे : २०२२ पासून भारताचा इतिहास, संस्कृती किंवा भारतीय समाज हा संशोधनविषय तिथे चालत नाही. म्हणजे 'खान्देशातल्या अफवा आणि जमावहिंसा' असा प्रस्ताव परदेशी प्राध्यापकाला आवडेल, शिष्यवृत्तीच्या छाननीत मात्र अडकेल. विषय आधी त्या नियमाला लावून बघा, मगच प्राध्यापकाला ईमेल करा.

घटनांची माहिती कुठून घ्यायची? जीटीडी म्हणजे काय?

ग्लोबल टेररिझम डेटाबेस, मेरिलँड विद्यापीठाचा. १९७० ते २०२० या काळातल्या दोन लाखांहून जास्त घटना, शंभराहून जास्त रकाने. संशोधनासाठी नोंदणी केली की फाइल मिळते. चार जीबीच्या जुन्या संगणकावर ती एक्सेलमध्ये उघडली की यंत्र बसतं. म्हणून भारताच्या ओळी वेगळ्या काढून लहान फाइल करा, किंवा आर (R) ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शिका.

नोंदीचा क्रमांक बारा अंकी असतो : पहिले आठ अंक वर्ष-महिना-दिवस, शेवटचे चार त्या दिवसातला अनुक्रम. इथून पुढे विद्यार्थी कुठे घसरतात ते क्रमाने बघू.

१९९३ चं वर्ष मूळ फाइलमध्ये नाही. ही माहिती आधी एका खासगी कंपनीकडे कार्डांवर होती आणि कार्यालय हलवताना त्या वर्षाचा खोका हरवला. १२ मार्च १९९३ च्या मुंबई स्फोटांत २५७ माणसं गेली. तुमच्या आलेखात ते वर्ष शून्य दिसत असेल तर आलेख चुकलाय. दुसरी गोष्ट, माहिती गोळा करणाऱ्या संस्था बदलल्या : १९९७ पर्यंत एक, १९९८ ते २००७ दुसरी, २००८ ते २०११ तिसरी, त्यानंतर विद्यापीठ स्वतः. या सांध्यांवर आकडा एकदम उडतो किंवा पडतो. 'अमुक वर्षी दहशतवाद अचानक वाढला' असं लिहिण्याआधी ते वर्ष सांध्याचं तर नाही ना, पाहा.

मृतांच्या रकान्यात हल्लेखोरही धरलेले असतात, त्यांचा वेगळा रकाना शेजारी आहे. वजाबाकी करा. रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे, 'माहीत नाही'. एक्सेलमध्ये सरासरी आणि बेरजेच्या वेळी हा घोळ होतो. एकच मोठा हल्ला वेगवेगळ्या जागी झाला तर नोंदी वेगवेगळ्या पडतात. २६ नोव्हेंबर २००८ चा मुंबई हल्ला एका ओळीत सापडणार नाही. संबंधित नोंदींचा रकाना उघडून त्या जोडाव्या लागतात.

सरासरीचा मोह टाळा. निम्म्याच्या आसपास हल्ल्यांत कुणीच मरत नाही आणि मोजक्या हल्ल्यांत शेकड्याने मरतात. अशा ठिकाणी सरासरी फसवते. मध्यक द्या आणि सोबत सर्वांत मोठ्या पाच घटना वेगळ्या सांगा.

आपल्या भागाचे दोन खास खड्डे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधीची शहादा, नवापूर, तळोद्याची घटना धुळे जिल्ह्यात शोधायची. आणि त्याहून मागे, ब्रिटिश काळात गेलात तर पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश. मालेगाव नावाचे दोन तालुके आहेत, एक नाशिक जिल्ह्यातला आणि एक वाशिमचा. नकाशावर बिंदू टाकणारं सॉफ्टवेअर विचारत नाही कुठलं ते.

बातम्यांवरून स्वतःची यादी केली तर चालेल?

चालेल, पण कोण जबाबदार हा रकाना बातमीवरून भरू नका. मालेगाव हेच उदाहरण पुरेसं आहे. ८ सप्टेंबर २००६ च्या स्फोटांनंतर राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने काही स्थानिकांना अटक केली, तपास सीबीआयकडे गेला, मग एनआयएकडे, आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्या आधीच्या आरोपींना आरोपमुक्त केलं. २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटाच्या खटल्यात ३१ जुलै २०२५ ला सातही आरोपी निर्दोष सुटले. पहिल्या आठवड्यातल्या मथळ्यांवरून ज्याने रकाना भरला त्याची नोंद आज काय किमतीची? तीन रकाने करा : तपासयंत्रणेचा दावा, आरोपपत्र, अंतिम निकाल. प्रत्येकाला तारीख. निकाल नसेल तर 'अज्ञात' लिहा. 'अज्ञात' लिहायला कमीपणा वाटून घेऊ नका.

कामाची रीत अशी. दोनशे बातम्या घेतल्या असतील तर आधी नियमपुस्तिका लिहा : कोणती घटना धरायची, कोणती नाही. मग चाळीस बातम्या दोघांनी एकमेकांना न विचारता नोंदवा आणि कोहेनचा कप्पा (दोघांच्या नोंदी कितपत जुळतात याचं माप) काढा. ०.७ च्या खाली आला तर नियम संदिग्ध आहेत. पुस्तिका दुरुस्त करून पुन्हा नव्या चाळीस. मराठी वर्तमानपत्रांत घटनेची तारीख आणि अंकाची तारीख यांत एका दिवसाचा फरक असतो, त्यामुळे एकच घटना दोनदा पडते. दिल्लीचं साउथ एशिया टेररिझम पोर्टल ताडून पाहायला चांगलं, पण त्याचा भर इंग्रजी बातम्यांवर असल्याने तालुक्याच्या गावातलं बरंच त्यात येत नाही.

गणित किती लागतं? आमचं दहावीनंतर सुटलंय.

दहावीचंच लागतं, पण न घाबरता. समजा एखाद्या जिल्ह्यात ४० लाख लोक आहेत आणि त्यांत खरोखर धोकादायक २० जण. कुणी सॉफ्टवेअर आणलं, ९९ टक्के अचूक. म्हणजे धोकादायक माणसाला ते १०० पैकी ९९ वेळा ओळखतं आणि निरपराध माणसावर १०० पैकी एकदाच चुकून बोट ठेवतं. चालवलं. २० पैकी बहुधा वीसही सापडतील. पण उरलेल्या ३९,९९,९८० लोकांचा एक टक्का म्हणजे जवळजवळ ४०,००० निरपराध माणसं यादीत येतील. यादीतला कुठलाही माणूस उचलला तर तो खरा असण्याची शक्यता दोन हजारांत एक. पोलीस ठाण्यात इतकी माणसं तपासायला कुणी नाही, आणि तपासली तर चाळीस हजार घरं दुखावतील.

दुर्मीळ गोष्ट शोधताना असं होतंच. सॉफ्टवेअर आणखी चांगलं केलं तरी आकडा लहान होतो, प्रश्न सुटत नाही. मुलाखतीत 'एआयने दहशतवादी ओळखता येतील का' असं विचारलं तर भाषण देऊ नका. कागद मागा आणि हा हिशेब मांडा.

कायदा किती वाचावा?

एलएलबी नसाल तरी यूएपीएची एवढी कलमं तोंडपाठ हवीत : १५ (व्याख्या), ३५ (दहशतवादी संघटनांची यादी, २०१९ च्या दुरुस्तीने व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करता येतं), ४३ड(२) (आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवणं), ४३ड(५) (जामिनाची कडक अट) आणि ४५ (खटल्याला आगाऊ मंजुरी). जोडीला सर्वोच्च न्यायालयाचे निकाल : जामिनावर २०१९ चा वटाली आणि २०२१ चा के. ए. नजीब हे दोन लागोपाठ वाचा, कारण पहिला दार लावतो आणि दुसरा खटला रेंगाळला की फट ठेवतो. बंदी घातलेल्या संघटनेच्या नुसत्या सदस्यत्वावर २०११ चा अरूप भुयान आणि तो उलटवणारा २०२३ चा निकाल.

इतिहास म्हणून टाडा (१९८५ ते १९९५) आणि पोटा (२००२ ते २००४) हे आता लागू नसलेले दहशतवादविरोधी कायदे, आणि जोडीला महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी मकोका (१९९९). एनआयएचा कायदा मुंबई हल्ल्यानंतर महिनाभरात, डिसेंबर २००८ मध्ये झाला.

माहितीचा अधिकार वापरायचा बेत असेल तर आयबी (केंद्राचा गुप्तवार्ता विभाग) आणि एनआयए कलम २४ खाली वगळलेल्या आहेत. अर्जाचे दहा रुपये तिकडे घालवू नका. सत्र न्यायालयांची आणि उच्च न्यायालयाची निकालपत्रं ई-कोर्टवर फुकट मिळतात आणि त्यांत बातम्यांपेक्षा पुष्कळ जास्त असतं.

संघटनांचं प्रचारसाहित्य वाचलं तर पोलीस घरी येतील का?

वाचण्यापेक्षा साठवणं आणि पुढे पाठवणं जास्त जोखमीचं. २००८ मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळावरची अल कायदाची पुस्तिका प्रबंधासाठी उतरवून घेतली आणि छापण्यासाठी मित्राकडे पाठवली. दोघेही सहा दिवस कोठडीत राहिले. त्या विद्यार्थ्याला भरपाई मिळाली, पण ती नंतर.

आपल्याकडे धोका कमी समजू नका. मूळ साहित्याची पदवीला गरजच नसते. अभ्यासकांनी केलेलं विश्लेषण पुरतं. पीएचडीला लागलंच तर मार्गदर्शकाचं पत्र आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या, विद्यापीठाच्याच संगणकावर वाचा, कधी काय कशासाठी उघडलं याची तारीखवार वही ठेवा. टेलिग्रामच्या गटात खोटं नाव घेऊन शिरू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर 'हे बघ काय सापडलं' म्हणून तर कधीच नाही. शस्त्रं-स्फोटकांबद्दलची तांत्रिक पुस्तिका कुठल्याच प्रबंधाला लागत नाही.

लोकांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. कुठून सुरुवात?

मंजुरीपासून. नैतिकता समितीला प्रश्नावली, संमतीपत्र (मराठीत, गरज असेल तिथे अहिराणीत किंवा भिलोरीत वाचून दाखवायची तयारी) आणि ध्वनिमुद्रणं कुठे ठेवणार हे द्यायचं. सत्राच्या मध्यावर अर्ज केला तर उन्हाळ्याची सुट्टी हातची जाते, म्हणून तीन महिने आधी.

सर्वांत महत्त्वाचा नियम : उघडकीला न आलेल्या गुन्ह्याबद्दल विचारू नका. आपल्याकडे संशोधकाला वकिलासारखं संरक्षण आहे असं समजणं चूक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ खाली ठरावीक गुन्ह्यांची माहिती कळवणं प्रत्येकाचं कर्तव्य आहे. समोरचा माणूस तिकडे वळू लागला तर थांबवा आणि संमतीपत्रातलं ते वाक्य पुन्हा वाचा. कैद्यांना भेटायचं असेल तर पुण्याच्या कारागृह मुख्यालयाची परवानगी लागते आणि पदव्युत्तर प्रबंधाच्या मुदतीत ती मिळेल अशा भरवशावर बसू नका.

गावात गेल्यावर 'दहशतवादावर संशोधन' असं म्हणत फिरलात तर अर्ध्या तासात पोलीस पाटलाकडे निरोप जातो. आधी स्वतःच जाऊन त्याला आणि पोलीस ठाण्याला पत्राची प्रत द्या. विशिष्ट धर्माच्या किंवा जमातीच्या वस्तीतच प्रश्न विचारत असाल तर तुमचा नमुनाच सदोष आहे, आणि लोकांना ते तुमच्या आधी कळतं.

खान्देशातून करता येण्यासारखे प्रबंधाचे विषय?

राईनपाड्यानंतर अफवा रोखण्यासाठी काय उपाय झाले आणि कितपत टिकले. भुसावळसारख्या जंक्शनवर रेल्वे सुरक्षा दल आणि लोहमार्ग पोलीस यांच्यातली कामाची वाटणी. विहिरींच्या सुरुंगासाठी लागणाऱ्या स्फोटकांचे परवाने, साठा आणि नोंदवह्या : विस्फोटक नियम २००८ आणि अमोनियम नायट्रेट नियम २०१२ कागदावर काय म्हणतात आणि तालुक्याच्या पातळीवर तपासणी कशी होते. हा विषय विशेष चांगला आहे, कारण नियंत्रक संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे आणि दहशतवादाचा 'द'ही न उच्चारता प्रतिबंधाचा खरा कारभार समजतो.

इतिहासाकडे कल असेल तर खान्देश भिल्ल पलटण. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने ती उभी केली, ठाणं धरणगावला. बंडखोरांना माफी, नोकरी, शेतीसाठी तगाई आणि जोडीला बंदूक, असा तो मामला होता. आज ज्याला पुनर्वसन धोरण म्हणतात त्याच्याशी त्याची तुलना करता येते, आणि १८५७ मध्ये खाज्या नाईकांसारखे इंग्रजांच्या चाकरीत राहिलेले लोकही उलटले, हेही त्यात घ्यावं लागतं.

नोकरी कुठे?

'दहशतवाद विश्लेषक' अशी जाहिरात वर्षात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. खरी भरती बँका आणि त्यांना सेवा देणाऱ्या कंपन्यांत होते, मुख्यतः पुणे-मुंबईत : संशयास्पद व्यवहार तपासणं, ग्राहकांची पडताळणी, प्रतिबंधित याद्यांशी नावं जुळवणं. 'मोहम्मद खान' किंवा 'संजय पाटील' अशा नावांवर दिवसाला शेकडो खोट्या जुळण्या येतात. जन्मतारीख, पत्ता, वडिलांचं नाव लावून त्या निकाली काढणं हेच काम. कंटाळवाणं आहे, पण पगार वेळेवर होतो. समाजमाध्यम कंपन्यांत मजकूर तपासणीचंही काम आहे; त्यात मनावर ताण येतो, तो गृहीत धरूनच जा.

सरकारी बाजूला आयबीची सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी परीक्षा आणि केंद्रीय कर्मचारी निवड आयोगाच्या (एसएससी) सीजीएल परीक्षेतून एनआयएचं उपनिरीक्षक पद. दोन्हीला कुठलीही पदवी चालते, म्हणजे या विषयाच्या एमएचा वेगळा गुण मिळत नाही. अध्यापनासाठी नेट ही पात्रता परीक्षा : संरक्षण व सामरिकशास्त्र किंवा गुन्हेगारीशास्त्र हा विषय घेता येतो. तीन तास, पहिला पेपर ५० प्रश्न १०० गुण, दुसरा १०० प्रश्न २०० गुण, चुकीला वजाबाकी नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका.

खासगी संस्था तीन महिन्यांत 'काउंटर टेररिझम एक्स्पर्ट' करतात म्हणे?

आधी यूजीसीच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं नाव आहे का बघा, मग शिकवणाऱ्यांची नावं आणि त्यांचे प्रकाशित लेख मागा. गणवेश, बनावट बंदुकांसोबतचे फोटो आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट' हे तिन्ही एका जाहिरातीत असतील तर फी भरू नका. लायडन विद्यापीठाने याच विषयाचा ऑनलाइन कोर्स काढलेला आहे. ओळख करून घ्यायला असा कोर्स पुरे.

मराठीतून शिकलोय. इंग्रजीचं काय?

वाचनाचं इंग्रजी हवंच, बोलण्याचं मागाहून येतं. रोज एका निकालपत्राची पाच पानं वाचून मराठीत दहा ओळींचा सारांश लिहा. निकालपत्राचं इंग्रजी जमलं की शोधनिबंध सोपे वाटतात. प्रबंध मराठीत लिहायला विद्यापीठाची परवानगी आहे का ते प्रवेशाच्या वेळीच लेखी विचारा, आणि बाहेरचा परीक्षक मराठी वाचणारा मिळेल का तेही. अहिराणी येत असेल तर ती अर्जात लिहा. मजकूर तपासणारं बहुतेक सॉफ्टवेअर अहिराणीतली धमकी आणि अहिराणीतली थट्टा यांत फरक करू शकत नाही. तो फरक करून चारशे-पाचशे संदेशांची नोंदवलेली यादी तुम्ही प्रबंधासाठी तयार केलीत, तर मुलाखतीत दाखवायला प्रमाणपत्रापेक्षा ती जास्त कामाला येईल.